तुझे पायजमे माझ्याकडे आहेत

चि. धाकट्यास,

थोरलीचा आशीर्वाद. तो लागू पडायला पाहिजे असेल तर हे पत्र शेवटपर्यंत वाच. तू पत्राची पहिली ओळ वाचतोस, शेवटची वाचतोस आणि मधलं 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देतोस, हे मला चांगलं माहीत आहे. (शाळेतले धडेही असेच वाचलेस. माझं काय सांगू, मी तर अर्ध्यातच शाळा सोडली, पण जेवढं वाचलं तेवढं सलग वाचलं.) पत्र तुझ्या खाकी शर्टाच्या घडीत घालते आहे. शर्ट उलगडलास की हातात येईल, म्हणजे 'मिळालंच नाही' म्हणायची सोय नको. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोनवर नको ते ऐकू आलं की 'आवाज तुटतोय ताई' म्हणतोस, आणि ही गोष्ट भर दुकानात ओरडून सांगण्यासारखी नाही.

तब्येत कशी आहे? उत्तरात 'झकास' लिहू नकोस, मी फाडून टाकीन. इकडे आम्ही ठीक. घरच्यांचा, म्हणजे तुझ्या भावजींचा, गुडघा दुखतो, नणंदबाईंचा मोतीबिंदू पिकत चाललाय, धुलाईचं मोठं मशीन खालून गळतं आणि घरचे त्याच्याखाली तसराळं ठेवून 'दुरुस्त झालं' म्हणतात. एकूण सगळं जागच्या जागी आहे.

आता कामाचं. आमच्या लॉन्ड्रीत पायजम्यावर रक्त सापडलं. एकदा नाही, लागोपाठ. आणि ते कुणाचं हे शोधण्यात मी एका भल्या माणसाची जी दशा केली ती तुला सांगायची आहे. हसायचं तिथे हस, पण एक ध्यानात ठेव, मी हसण्यासाठी धावपळ करत नव्हते. आमच्या इस्त्रीवाल्याचं जे झालं ते आणखी कुणाचं होऊ नये एवढ्यासाठी करत होते.

इस्त्रीवाला तुला आठवत असेलच. तुझ्या खाकी पॅंटीला चाकूसारखी धार काढून द्यायचा आणि 'डायवरसाहेब, बसताना जपून, कापेल' म्हणायचा, तोच. त्याला जाऊन आता बरेच दिवस झाले. तू तेव्हा लांबच्या गाडीवर होतास, त्यामुळे तुला फक्त 'गेला' एवढंच कळलं, कसा गेला ते कुणी सांगितलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. त्याला संडासच्या वाटेनं रक्त जायचं. त्यानं ते लपवलं नव्हतं, उलट सगळ्यांना सांगायचा. 'मूळव्याध आहे, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला होतेच,' म्हणायचा. समोरचा शिंपी म्हणाला, छे, ती बसून काम करणाऱ्याला होते, मला विचार. दोघांनी त्यावर वाद घातला, चहा घेतला आणि औषध मात्र स्टॅंडवरच्या पुडीवाल्याकडून आणलं. पुडीनं रक्त थांबलं. थांबलं म्हणजे बरं झालं, असं त्यानं धरलं. मग पुन्हा आलं, पुन्हा पुडी. मी म्हटलं, अरे एकदा दाखव की कुणाला. तर म्हणे, 'कुणाला दाखवू ताई? दाखवण्यासारखी जागा आहे का ती?' सगळे हसले. मीही हसले, विनोद चांगला होता. शेवटी दम लागायला लागला, इस्त्री उचलवेना, तेव्हा दवाखान्यात नेला. तिथे कळलं, आतड्यात गाठ होती आणि ती केव्हाच यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हा आला असतात तर. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तर उभ्याला होते की बसलेल्याला होते हा वाद तसाच राहिला आणि तो आडवा झाला. त्याची इस्त्री आता घरचे चालवतात. कॉलर जाळतात. लोक काही बोलत नाहीत, कारण सगळ्यांना माहीत आहे ती कुणाची जागा होती.

म्हणून जेव्हा पांढऱ्या पायजम्याच्या बैठकीच्या जागी डाग दिसला तेव्हा मला आधी तोच आठवला. डाग आम्हाला नवीन नाहीत. शाई, तेल, गंज, पान, औषध, लहान मुलांचं सगळं काही, मी जन्मभर दुसऱ्यांचे डागच बघत आले. रक्ताला गार पाणी लागतं. गरम टाकलं की ते शिजतं आणि कापडात घर करतं. तो पायजमा मी मुकाट्यानं गार पाण्यात टाकला, चोळला, डाग गेला. पुढच्या खेपेला परत. त्याच्या पुढच्या खेपेला दोन पायजम्यांवर. आता आमची रीत तुला माहीत आहे. पांढरे कपडे सगळ्यांचे सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक गाठोडं आलं की त्यातल्या पांढऱ्या कपड्यांना त्या त्या गिऱ्हाइकाच्या रंगाचा धागा बांधायचा, मग सगळं एका हौदात. वाळल्यावर धागा बघून ढीग लावायचे आणि धागा तोडून द्यायचे. आम्ही कपड्याकडे बघतच नाही, धाग्याकडे बघतो. धागा होता गर्द निळा. गर्द निळा म्हणजे वकीलसाहेब.

वकीलसाहेब म्हणजे कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरातले. बुटके, गोल, ऐटबाज, बोलताना बोट वर करणारे. ते कपडे न्यायला आले तेव्हा दुकानात कुणी नाही असं बघून मी सरळ सांगितलं. मला गोड गोड बोलून विषयाभोवती चकरा मारता येत नाहीत. म्हटलं, साहेब, तुमच्या संडासच्या वाटेनं रक्त जातंय, डॉक्टरांना दाखवा. साहेबांचं बोट वर गेलं ते तिथेच राहिलं.

'बाई, हा माझ्यावर आरोप आहे.'

'आरोप नाही साहेब, डाग आहे.'

'कुठे आहे?'

'धुतला.'

'म्हणजे पुरावा तुम्हीच नष्ट केलात!'

लॉन्ड्रीवालीनं डाग धुतला नाही तर काय फ्रेम करून लावायचा? साहेब गाठोडं काखेत मारून तरातरा गेले. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर इस्त्रीचं टेबल होतं. मी घरच्यांना दुकानात बसवलं आणि थेट वकीलीणबाईंना गाठलं. त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. माझं ऐकून झारी तशीच एका कुंडीवर धरून राहिल्या, झाड बुडालं बिचारं. मग म्हणाल्या, 'तरीच!' मी म्हटलं, तरीच काय? तर म्हणाल्या, हे हल्ली बारीक झालेत. जेवतात तेवढंच, पण पायजमा कमरेत ढिला होतो, नाडी आवळून बांधावी लागते. आणि उंचीसुद्धा कमी झाली असावी, कारण तोच पायजमा आता पायात येतो, खालून दुमडून घ्यावा लागतो. स्वतः साहेबांनी एकदा आरशासमोर उभं राहून विचारलं होतं म्हणे, मी खाली गेल्यासारखा वाटतो का गं? त्या बाई रडायलाच लागल्या. मलाही वाटलं, संपलं. माणूस आटत चाललाय आणि त्याला पत्ता नाही.

(इथे तुला काही सुचलं असेल तर तू माझ्यापेक्षा हुशार. मला नाही सुचलं.)

मग काय, दोन बायका एका वकिलाविरुद्ध. साहेबांनी जन्मभर कोर्टात तारखा मागितल्या, तीच विद्या घरी चालवली. आज अशील आहे, उद्या निकाल आहे, परवा घसा बसलाय. (घशाचा काय संबंध?) शेवटी बाईंनी जेवणाचं ताट उचललं तेव्हा निघाले. रिक्षात माझ्या आणि बाईंच्या मध्ये बसले होते, पोलीस आरोपीला नेतात तसे. मी बरोबर का गेले विचारशील. डाग मी पाहिलेला, त्यांनी नाही. डॉक्टरांनी विचारलं तर सांगणार कोण?

आणि विचारलंच. पोटाच्या डॉक्टरीणबाई आहेत, पोरसवदा दिसतात पण नजर पक्की. रक्त लालभडक की काळपट, शौचाबरोबर मिसळलेलं की वरून, थेंब थेंब की धार, दुखतं का, सवय बदलली का, थकवा येतो का. साहेब प्रत्येक प्रश्नाला 'मला माहिती नाही' म्हणत होते आणि मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'आजी, पेशंट नक्की कोण?' मग साहेब बोट वर करून म्हणाले, मी कोणत्याही रक्ताचा साक्षीदार नाही. वकीलीणबाई म्हणाल्या, पायजमा लांब झालाय ते सांगा. कमरेचं सांगा.

त्यावर डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी नीट ऐकून आले, आणि आता तू नीट वाच, हेच ते मधलं आहे जे तू सोडून देतोस. लालभडक रक्त बहुतेक वेळा अगदी खालचं असतं. मूळव्याध असते, नाहीतर चीर पडलेली असते. चीर ब्लेडनं कापल्यासारखी दुखते, मूळव्याध पुष्कळदा दुखतही नाही, नुसतं रक्त टपकतं. ताप, जुलाब असतील आणि आव पडत असेल तर आत जंतूंनी धुमाकूळ घातलेला असतो. काहींच्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज असते. वय झालं की काहींच्या आतड्याला बारीक पिशव्या येतात, त्यातून एकदम भळकन जातं. काहींना आत कोंब येतात, ते वेळेवर काढले तर तिथेच मिटतं, नाही काढले तर त्यातल्या एखाद्याची गाठ होते, इस्त्रीवाल्यासारखी. आणि जठरात व्रण असेल तर रक्त वरून खाली येईपर्यंत काळं होतं, डांबरासारखं, चिकट, घाण वासाचं. अंगदुखीच्या गोळ्या चण्यासारख्या खाणाऱ्यांना ते होतं. (तू खातोस. पाठीसाठी. मला माहीत आहे.) लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं आणि लाल काही खाल्लं तर लाल दिसतं, ते वेगळं. मी म्हटलं, म्हणजे बहुतेक मूळव्याधच ना? तर म्हणाल्या, 'बहुतेक असेल. पण मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरं काही होऊ नये असा कुठे नियम नाही. बघितल्याशिवाय मी सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.' मला ती बाई आवडली. फालतू बोलत नाही.

साहेबांना पडद्याआड नेलं. बोटानं तपासतात. आतून एकदा 'ऑब्जेक्शन' असं ऐकू आलं असं मला वाटलं, वकीलीणबाई म्हणाल्या शिंकले असतील. बाहेर आल्यावर साहेब माझ्याकडे बघेनात. वजन एवढं उतरलंय, वय एवढं झालंय, तर दुर्बीण घालून आतडं आतून बघावंच लागेल, असं ठरलं. वजन उतरलं याला पुरावा काय, तर पायजमा. जुनं वजन कुणी केलेलंच नव्हतं.

दुर्बिणीच्या आधी आतडं रिकामं करायचं असतं. एक पावडर पाण्यात कालवून जगच्या जग प्यायचं. वकीलीणबाई सांगत होत्या, चवीला खारट आणि घशाखाली जाईना. साहेबांनी पहिला पेला पिऊन 'काही परिणाम नाही, हे औषध बनावट आहे' असा निकाल दिला आणि पुढच्याच वाक्याच्या मध्ये उठून पळाले. दुपारभर त्यांची ये-जा चालू. त्यात एक अशील आला, उद्या त्याची साक्ष होती. तो संडासच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसला आणि साहेबांनी आतून त्याची उलटतपासणी पक्की करून घेतली. अशील म्हणाला म्हणे, साहेब एवढे मोकळेपणानं कधी बोलले नव्हते.

दुर्बिणीचं म्हणशील तर त्यात काही नाही. हातात सुई दिली, साहेब झोपले, घोरले, उठले आणि विचारलं, 'सुरू कधी करणार?' झालं होतं. आतडं स्वच्छ. कोंब नाही, व्रण नाही, चीर नाही, मूळव्याधसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात इतकं चांगलं आतडं कमी बघायला मिळतं. वकीलीणबाईंनी माझे हात धरले आणि हसत हसत रडल्या. मी मात्र हसले नाही. माझ्या डोक्यात एकच घोळायला लागलं. आतडं जर साहेबांचं चांगलं, तर रक्त कुणाचं?

उत्तर साहेबांनीच आणून दिलं. एक दिवस दुकानात आले, पायजमा हातात उंच धरून. अंगात आता बळ आलेलं, निर्दोष सुटलेला माणूस. काउंटरवर पायजमा पसरला आणि म्हणाले, 'बाई, मी माझी उंची दाराच्या चौकटीला लावून पाहिली. मी आहे तेवढाच आहे. हा पायजमा माझा नाही. आणि हा नाडा तर माझ्या सात पिढ्यांत कुणाचा नाही.' बघते तर नाड्याच्या जागी जाड, पिळाची, पिवळट दोरी. गाडीच्या टपावर ताडपत्री आवळायला वापरतात ती. माझ्याच घरात बसून, नाडी ओवायची पिन मिळत नाही म्हणून चिडून, पेनाच्या टोकानं कुणी ओवली होती ती दोरी? सांग.

मी ती दोरी हातात घेऊन बघत राहिले. साहेबांना वाटलं मी शरमले. शरम वगैरे नंतर बघू.

मग धाग्यांची पेटी काढली. तुझा धागा काळा. काळं रीळ केव्हाच संपलेलं. धागे बांधणाऱ्या नणंदबाईंनी गर्द निळं रीळ काळं समजून घेतलं होतं आणि तुझ्या आणि वकिलाच्या, दोघांच्याही गाठोड्यांना तेच बांधत होत्या. मी म्हटलं, अहो दिसत नाही तर विचारायचं नाही का? तर म्हणाल्या, 'दिसत नाही हे मला कुठे दिसत होतं?' त्यांचाही डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून टाकला. आणि घरच्यांनी काय केलं, तर निळ्या धाग्याचा एवढा मोठा ढीग बघून 'वकिलाचे एवढे पायजमे असायचे नाहीत' म्हणून अर्धा ढीग वकिलाला दिला आणि अर्धा तुझ्या गाठोड्यात कोंबला. बायकोला विचारायचं नाही. तसराळं ठेवायचं आणि दुरुस्त झालं म्हणायचं. म्हणजे वकील तुझ्यासारख्या धिप्पाड माणसाच्या पायजम्यात आटत चालला होता आणि तू वकिलाचे पायजमे घालून पोटऱ्या दाखवत हिंडत होतास. तुझ्या लक्षात आलं नाही? का 'धुऊन आटले असतील' म्हणून सोडून दिलंस? तुझं सगळं असंच.

तर धाकट्या, रक्त तुझं आहे.

मी लगेच मानलं नाही. तुझा कंडक्टर गाठोडं ठेवायला आला तेव्हा त्याला बाकावर बसवून विचारलं, डायवर कसा आहे? म्हणाला, बरे आहेत. मी म्हटलं, माझ्याकडे बघून सांग. तो बुटांकडे बघायला लागला. मग हळूहळू एक एक बाहेर आलं. की तू सीटवर टॉवेल घडी करून टाकतोस आणि तो कुणाला उचलू देत नाहीस. की जिथे थांबा नाही अशा पंपावर गाडी उभी करतोस आणि पॅसेंजर शिव्या देतात. की स्टेपनी बदलताना मध्येच बोनेटला टेकून उभा राहिलास, घाम फुटला होता, आणि म्हणालास ऊन आहे. तेव्हा ढग होते, असं तो म्हणाला. त्याच्यावर रागावू नकोस. तू घातलेली शपथ मोडली म्हणून त्याला वाईट वाटत होतं, मीच त्याला म्हटलं, असली शपथ घेणारा गाढव आणि घालणारा त्याहून.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. सगळ्या डायवरांना होतं. असेल. बहुतेकांना मूळव्याधच असेल, तुलाही तीच असो, मी खुशाल त्यावर हसेन, सगळ्या गल्लीला सांगेन. पण इस्त्रीवालासुद्धा 'सगळ्या इस्त्रीवाल्यांना होतं' म्हणायचा. तू म्हणशील, मध्ये थांबलं होतं. त्याचंही थांबलं होतं. तू म्हणशील, रजा मिळत नाही. इस्त्रीवाल्याला आता रजाच रजा आहे. तू म्हणशील, लाज वाटते. अरे, तुझी लाज मी गार पाण्यात चोळून वाळत घातली, आता कसली उरली आहे?

मी एकटीच जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, ओरडतील, एका माणसाला उगाच दुर्बीण घातली म्हणून. त्यांनी डोकं हातात धरलं, थोडा वेळ खांदे हलत होते, हसत होत्या का काय कळलं नाही. मग वर बघून म्हणाल्या, भावाला घेऊन या. मंगळवारी सकाळी. आधी नुसतं तपासायचं, रक्त बघायचं, अंगात किती उरलंय ते. मग लागली तर दुर्बीण. आणि त्यांनी बजावून सांगितलंय, मधल्या दिवसांत एकदम जास्त गेलं, किंवा डांबरासारखं काळं झालं, किंवा चक्कर आली, छातीत धडधडलं, तर मंगळवार बघायचा नाही, असशील तिथल्या दवाखान्यात त्याच पावली जायचं. पॅसेंजर भरलेले असले तरी. पॅसेंजरना दुसरी गाडी मिळते. आणि स्टॅंडवरची पुडी घेतलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. पाठीच्या गोळ्या आजपासून बंद, डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय एकही नाही.

बाकी सगळं ठीक. वकीलसाहेब माझ्यावर दावा लावणार होते, पण वकीलीणबाईंनी त्यांना सांगितलं की कोर्टात पायजम्याची लांबी मोजून दाखवावी लागेल, तेव्हा गप्प झाले. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी बोट वर केलं, मग खाली घेतलं, आणि विचारलं, 'मग तो दुसरा माणूस सापडला का?' मी हो म्हटलं. म्हणाले, 'त्याला म्हणावं, पावडर लिंबू पिळून प्या.' हे तुझ्यासाठी आहे, म्हणून लिहिलं.

मोठ्या आवाजात लिहिलं असलं तरी रागानं लिहिलेलं नाही.

तुझी
ताई

ता.क. या गाठोड्यात पायजमे नाहीत, शोधत बसू नकोस. दोरीचे, बिनदोरीचे, सगळे माझ्याकडे आहेत. डॉक्टरीणबाईंच्या दारात मिळतील. खाकी पॅंट घालून झोप तोवर.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईवडिलांत कुणाला असं होतं का? मी पटकन नाही म्हटलं. रस्त्यात आल्यावर आठवलं. बाबांच्या शेवटच्या दिवसांत आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची, मागच्या मोरीत, आणि आपल्याला तिकडे फिरकू द्यायची नाही. आपल्याला वाटायचं त्यांचं भांडण झालंय. लोक म्हणाले पोट बिघडून गेले. मी परत फिरले आणि सांगितलं. त्या म्हणाल्या, मग भावाचं तर बघायचंच, पण तुमचंही.

आणखी. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. तसं म्हणून घरी आले. पण तुला खोटं कशाला लिहू? गेले काही दिवस माझंही जातंय. थोडं. माझ्या कपड्यांना आम्ही धागा बांधत नाही, त्यामुळे ते कुणाचं हा प्रश्न नाही. घरच्यांना सांगितलेलं नाही, ते तसराळं शोधायला लागतील. वकिलाला रिक्षात कोंबून नेताना मला कसलीच भीती वाटली नाही, आणि आता त्या पडद्याआड जायचं म्हटलं की पाय उचलत नाही. हसू नकोस.

आणखी, आणि हेच शेवटचं. दोघांचा नंबर एकामागोमाग लावलाय. मी मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसलेली असेन. तू येताना दिसलास की उठून आत जाईन. नाही दिसलास तर दुकान उघडायला जाईन.